पोरांच्या आधी वस्ती (प्रस्तावना)

बाल्टिमोर, जोहान्सबर्ग, इबादान, दिल्ली आणि शांघाय. पाच शहरं आणि त्यांतल्या गरीब वस्त्या. 2011 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या संशोधकांनी या वस्त्यांमधल्या 15 ते 19 वयाच्या मुलामुलींशी बोलायला सुरुवात केली. वर्गात जाऊन प्रश्नावली वाटण्यात अर्थ नव्हता, कारण ज्यांचं ऐकायचं होतं त्यांतली कितीतरी मुलं शाळेत जातच नव्हती. म्हणून एका मुलाने आपल्या ओळखीची दोन-तीन मुलं आणायची, त्यांनी आणखी कुणाला आणायचं, अशी साखळी धरून दोन हजारांवर मुलं गाठली. त्याआधी काही मुलांच्या हाती कॅमेरे दिले होते, काहींना आपल्या वस्तीचा नकाशा काढायला सांगितलं होतं. कुठे जावंसं वाटतं, कुठे जायची भीती वाटते, दुखलंखुपलं तर कुणाकडे जाता, हे सगळं विचारलं होतं. नशा, लैंगिक संबंध, गर्भारपण, मारामाऱ्या आणि मनाची अवस्था हे प्रश्न तर होतेच.

2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. बाल्टिमोर आणि जोहान्सबर्ग ही तुलनेने श्रीमंत देशांतली शहरं, तेव्हा तिथल्या मुलांचं बरं चाललं असेल असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात त्यांचीच अवस्था अधिक वाईट निघाली. बाल्टिमोरमध्ये तर अमली पदार्थ, लैंगिक जोखीम, लैंगिक हिंसा, खचलेलं मन अशा जवळजवळ प्रत्येक बाबतीत मुलं अडचणीत होती. आणि आपल्या वस्तीबद्दल अत्यंत वाईट मत असलेली मुलंही हीच होती. कचरा, उंदीर, ओस घरं, बंदुका, आणि भरवसा ठेवावा अशा मोठ्या माणसांचा अभाव. दिल्लीच्या मुलांचा देश गरीब होता, तरी वस्तीविषयी त्यांना अधिक आशा वाटत होती आणि धोक्याच्या वागण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं.

या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. किशोरवयातली मुलं तंबाखू का खातात, दारू का पितात, सुरे का बाळगतात, नको त्या वयात आई-बाप का होतात, या प्रश्नाचं उत्तर आपण नेहमी मुलांमध्ये शोधतो. कुणाला संगत वाईट लागलेली असते, कुणाच्या आईने लाड फार केलेले असतात, कुणाला वळणच नसतं. माझं म्हणणं असं आहे की ज्या जागी मूल वाढतं ती जागा त्याला रोज काहीतरी शिकवत असते, आणि मूल ते फार हुशारीने शिकतं. त्याचं वागणं आपल्याला अविचारी दिसतं, कारण त्याने शिकलेली जागा आपण पाहिलेली नसते.

बाल्टिमोरची जागा पाहायला हवी. 1910 मध्ये या शहराने काळ्यांनी कुठल्या गल्लीत राहायचं आणि गोऱ्यांनी कुठल्या, हे ठरवणारा कायदा केला. अमेरिकेतला तो तशा प्रकारचा पहिला कायदा. 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले, पण वेगळं ठेवण्याचं काम थांबलं नाही. 1930 च्या दशकात सरकारी संस्थेच्या नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. लाल म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. घर दुरुस्त करायला कर्ज मिळेना, विकत घ्यायला मिळेना. पुढे कारखाने गेले. स्पॅरोज पॉइंटचा पोलाद कारखाना एके काळी तीस हजारांच्या आसपास कामगारांना पोसत होता, तो 2012 मध्ये बंद पडला. 1950 साली शहरात साडेनऊ लाख माणसं होती, 2010 साली सव्वासहा लाखही उरली नव्हती. माणसं गेली, घरं राहिली. गेल्या दशकात बाल्टिमोरमध्ये सोळा हजारांच्या आसपास घरं ओस होती.

अशा घरांची एक ओळ शाळेच्या वाटेवर असली की काय होतं, याचा शांतपणे विचार करावा. तिथे दिवा नसतो, हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं. अमली पदार्थ विकणाऱ्याला आडोसा मिळतो. मुलीला ती वाट टाळावी लागते, किंवा सोबत म्हणून एखाद्या मोठ्या मुलाचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या आधाराची किंमत पुढे तिलाच मोजावी लागते. यातलं काहीही त्या मुलांनी निवडलेलं नाही. त्यांच्या पणजोबांच्या काळात कुणीतरी लाल पेन्सिल फिरवली होती.

आता शिकागोकडे वळू. 1997 मध्ये मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या संशोधक जोडप्याने शहराच्या 77 विभागांची तुलना केली. पुरुषांचं सरासरी आयुर्मान एका टोकाच्या विभागात 54 वर्षांच्या आसपास होतं, दुसऱ्या टोकाला 77. जिथे आयुष्य तोकडं, तिथे खून अधिक आणि बायकांना मुलंही लवकर होत होती. खुनांमुळेच आयुर्मान कमी झालं असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून त्यांनी खुनाने झालेले मृत्यू वगळूनही हिशेब केला आणि संबंध टिकून राहिला. या अभ्यासाने मला फार काळ अस्वस्थ ठेवलं. आपण पंधरा वर्षांच्या मुलाला सांगतो, तंबाखू सोड, पन्नाशीत कॅन्सर होईल. ज्या गल्लीत त्याने पन्नाशी पाहिलेली माणसंच मोजकी पाहिली आहेत, तिथे या वाक्याला वजन कुठून येणार? उद्या जर नक्की नसेल तर आज हाती आलेली गोष्ट सोडणं शहाणपणाचं नाही, हे तो न शिकवता शिकलेला असतो. भिंतीवरची भित्तिपत्रकं आणि शाळेतली व्याख्यानं अपुरी पडतात ती इथे. मुलाला माहिती नसते असं फारसं नाही. माहितीचा उपयोग होईल असं भविष्य त्याला दिसत नसतं.

वयाचाही भाग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला. एकट्याने खेळताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागत नव्हती. सवंगडी शेजारी उभे केले की किशोरांची जोखीम एकदम वाढे, आणि चोविशी ओलांडलेल्यांवर मात्र शेजारच्यांचा परिणाम जवळजवळ दिसत नसे. मेंदूतला हवेपणा आधी जागा होतो आणि आवर घालणारा भाग मागून येतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. हे सगळ्या मुलांचं, बंगल्यातल्याही आणि पत्र्याच्या खोलीतल्याही. फरक पडतो तो चूक झाल्यानंतर. बंगल्यातला मुलगा दारू पिऊन पडला तर गाडी येऊन त्याला घरी नेते. दुसऱ्याला पोलीस नेतात, किंवा कुणीच नेत नाही. तीच चूक एका जागी आठवण होऊन राहते आणि दुसऱ्या जागी पुढचं सगळं आयुष्य ठरवते.

घराच्या आत काय घडतं याचा विचार आरोग्यशास्त्रात उशिरा आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर 1980 च्या दशकात लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन छान उतरत असलेली माणसंच मधेच उपचार सोडून जात. त्यांच्याशी बोलता बोलता त्यांतल्या अनेकांच्या बालपणातले लैंगिक अत्याचार पुढे आले. अंगावरचं वजन हा त्यांचा बचाव होता. पुढे रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर फेलिटींनी जवळजवळ साडेनऊ हजार प्रौढांना बालपणाविषयी विचारलं आणि 1998 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात कुणी व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेलं असणं, असे सात प्रकार त्यांनी मोजले. ज्यांच्या वाट्याला यातले चार किंवा जास्त आले त्यांच्यात दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका, यातलं काहीच न आलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. ही माणसं प्रामुख्याने विमाधारक आणि शिकलेली होती. दु:ख फक्त झोपडपट्टीत असतं हा समज या अभ्यासाने मोडला.

पण त्यात एक मोठी उणीव होती. सातही प्रकार चार भिंतींच्या आतले होते. उंबऱ्याबाहेर गोळीबार होतो, वर्गात मुलं मारतात, कातडीच्या रंगावरून हिणवलं जातं, हे त्यात कुठेच नव्हतं. 2012-13 मध्ये फिलाडेल्फिया शहरातल्या 1,784 प्रौढांचा अभ्यास झाला तेव्हा या गोष्टी यादीत घेतल्या गेल्या, आणि घरातलं काहीही न भोगलेल्या कितीतरी माणसांनी घराबाहेरचं पुष्कळ भोगलेलं आढळलं. आपल्याकडे या यादीत जात घ्यावी लागेल. पाणवठ्यावर काय ऐकलं, वर्गात कुठे बसवलं, आडनाव सांगितल्यावर समोरचा चेहरा कसा बदलला, हे मोजणारी प्रश्नावली आपण अजून नीट तयार केलेली नाही. मराठी वाचकाला मात्र त्याची साक्ष केव्हाच मिळालेली आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 मध्ये, किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 मध्ये. भोवताल मुलाच्या आत कसा शिरतो हे या पुस्तकांनी कुठल्याही सर्वेक्षणाआधी सांगून ठेवलं. ती आत्मकथनं आपण साहित्य म्हणून गौरवली, आरोग्याचा पुरावा म्हणून वाचली नाहीत. ती तशी वाचायला हवीत.

इथे एक सावधगिरी. चार-पाच प्रकार भोगलेलं मूल वाया जाणारच, असा अर्थ या आकड्यांतून काढायचा नाही. ते आकडे हजारो माणसांच्या गटाबद्दल बोलतात, समोर बसलेल्या एका मुलीबद्दल नाही. अँडा यांनी स्वतः 2020 मध्ये सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून सांगितलं की या प्रकारांची बेरीज करून काढलेले गुण वापरून एकेका व्यक्तीचं भाकीत करू नका. शाळाशाळांतून मुलांच्या कुंडल्या मांडल्यासारखे हे गुण मांडायला घेतले तर मदतीऐवजी कपाळावर शिक्का बसेल, आणि तो शिक्काही एक नवी प्रतिकूलताच ठरेल.

आता खरा प्रश्न. वाईट वस्ती आणि वाईट वागणं एकत्र दिसतात, म्हणून एकामुळे दुसरं घडतं असं म्हणता येईल का? कदाचित दोन्हींमागे तिसरंच काही असेल. याचं उत्तर द्यायला कुणी मुद्दाम मुलांना गरीब करू शकत नाही. पण एकदा योगायोगाने उलटं घडलं.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रेट स्मोकी पर्वताच्या भागात जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी 1993 पासून 1,420 मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी पाहणी करत होते. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश चेरोकी या मूलनिवासी जमातीची होती. पाहणी चालू असतानाच जमातीने आपल्या भूमीवर कसिनो काढला आणि त्याच्या नफ्यातला वाटा प्रत्येक सदस्याला दर सहा महिन्यांनी मिळू लागला. कुणी अर्ज केला नव्हता, कुणाची पात्रता तपासली नव्हती. काही कुटुंबं दारिद्र्यरेषेच्या वर आली. पुढच्या चार वर्षांत त्या घरांतल्या मुलांची भांडखोरी, खोटं बोलणं, चोऱ्या, मोडतोड हे सगळं कमी होत होत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आलं. चिंता आणि नैराश्य मात्र तसं कमी झालं नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. मग पैशाने नेमकं काय केलं? आकडेमोडीत उत्तर निघालं की आई-वडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला. एवढंच. पोर कुठे आहे, कुणाबरोबर आहे, जेवलं का, हे विचारायला संध्याकाळी घरात कुणीतरी होतं. यांतली सर्वांत लहान मुलं 21 वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं तर दारू आणि गांजाच्या आहारी गेलेल्यांचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं.

लक्ष ठेवणं हा संस्काराचा भाग आहे असं आपण मानतो. तो बऱ्याच अंशी वेळेचा आणि पगाराचा भाग आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला पालकत्वावर व्याख्यान देण्याआधी हे ध्यानात घेतलं पाहिजे.

मग वस्तीच बदलून दिली तर? अमेरिकन सरकारने तेही करून पाहिलं. 1994 पासून पाच शहरांतल्या 4,604 गरीब कुटुंबांची सोडत काढली आणि त्यांतल्या काहींना कमी गरीब वस्तीत भाड्याचं घर घेता यावं म्हणून मदत दिली. बाल्टिमोर आणि शिकागो या पाचांत होती. मुलींचं भलं झालं. त्यांची मनं स्थिरावली, गांजा कमी झाला. मुलग्यांचं उलट झालं. त्यांच्यात त्रास वाढला आणि धोक्याचं वागणंही वाढलं. बाल्टिमोर आणि शिकागोतल्या अशा मुलामुलींशी नंतर सविस्तर बोलल्यावर थोडा उलगडा झाला. मुली मैत्रिणींच्या घरात बसत, त्यामुळे नव्या जागी खपून गेल्या. मुलगे जुन्या सवयीने कोपऱ्यावर उभे राहत. जुन्या गल्लीत ते कुणाला खुपत नसे, नव्या वस्तीत ते शेजाऱ्यांना खुपलं आणि पोलिसांनाही. शिवाय जुन्या वस्तीत एखादा मामा, काका, आईचा कुणी भाऊबंद असे, जो मुलाच्या पाठीवर हात ठेवत असे. तो मागे राहिला. या एका प्रयोगाने ‘चांगली वस्ती’ या कल्पनेतली सगळी भाबडी खात्री काढून घेतली. चांगल्या घरांच्या ओळीत मूल नेऊन ठेवलं म्हणजे झालं असं नाही. तिथलं कुणी त्याला आपलं म्हणायला हवं.

दिल्लीच्या मुलांची अवस्था तुलनेने बरी का होती, याचा थोडा अंदाज इथे येतो. आपल्या गरीब वस्त्यांत माणसांची वीण घट्ट असते. चाळीतल्या पोराने सिगारेट ओढली तर घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. ही वीण मोलाची आहे आणि तिला शाबासकी द्यायला मला आवडेल, पण त्याआधी मुलींना विचारायला हवं. आपल्याकडे मुलगी धोक्याचं वागत नाही, कारण तिला बऱ्याचदा बाहेरच पडू दिलं जात नाही. आणि बाहेरचा धोका टळला तरी आतला टळतोच असं नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि ग्रेसी अँड्र्यू यांनी अकरावीच्या 811 विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलामुलींनी मागच्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसला होता. ज्यांनी तो सोसला होता त्यांच्यात अभ्यासातली घसरण, खालावलेली प्रकृती, नशा आणि आई-वडिलांशी, शिक्षकांशी तुटलेलं नातं अधिक आढळलं. ही सर्वेक्षणातली परकी मुलं नव्हती, आपल्या शेजारच्या घरातली होती.

मराठवाड्याकडे पाहिलं की ‘धोक्याचं वागणं’ हा शब्दप्रयोगच तोकडा पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, जालना, धाराशिव या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता धरतात. घरी तेरा-चौदा वर्षांची मुलगी असली की आई-बापापुढे दोन वाटा उरतात. तिला पाच-सहा महिने गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं, किंवा बरोबर न्यायचं, उसाच्या फडाशेजारच्या पालात, जिथे दार नसतं, न्हाणीघर नसतं. दोन्ही वाटांत भीती आहे. मग तिसरी वाट म्हणून लग्न लावतात. लग्न झालं की तिची जबाबदारी दुसऱ्या घरावर जाते आणि त्या घराला एक पूर्ण कोयता मिळतो. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळजवळ 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हेच प्रमाण 44 टक्क्यांच्या आसपास आणि परभणीत 48 टक्के होतं.

सतराव्या वर्षी बाळंत होणाऱ्या त्या मुलीचा रक्तक्षय, तिचं कमी वजनाचं बाळ, भूक मारायला आणि थकवा विसरायला लावलेली मिश्री, हे सगळं आरोग्याच्या नोंदवहीत तिच्या नावावर चढतं. पण निर्णय कुणी घेतला? तिने नाही. तिच्या बापाला दोष देऊन मोकळं होणंही मला जमत नाही. त्याने ज्या भीतीपोटी हे केलं ती भीती खरी होती. टनाचा दर, उचलीची पद्धत, फडावर नसलेलं शौचालय, गावात नसलेलं वसतिगृह, ही या लग्नाची खरी कारणं आहेत आणि ती लिहून काढता येतात, बदलता येतात. सबंध विषयात मला सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर याचा, की बालविवाहाची जागृती करायला आपण त्या मुलीच्याच शाळेत पथनाट्य घेऊन जातो.

बाजारही भोवतालाचाच भाग आहे, आणि त्याच्याबद्दल बोलताना गुळमुळीत राहू नये. विदर्भात खर्रा, दुसरीकडे मावा, सगळीकडे पुड्यांच्या माळा. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. एवढं सगळं असताना 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाची 8.5 टक्के शाळकरी मुलं तंबाखू घेत होती. शाळेत न जाणारी मुलं या पाहणीत येतच नाहीत. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते गर्द या अमली पदार्थाच्या लाटेत तरुण मुलं वाहून जात होती म्हणून. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण आत आलेल्या मुलाला सावरणं आणि आत येणाऱ्यांची रांग कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला आपल्याकडे अजून फारसा वाली नाही.

ते काम होऊ शकतं, याचा पुरावा आइसलँडने दिला. 1998 मध्ये तिथली 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं महिन्यातून निदान एकदा दारू पिऊन झिंगत होती. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली. तिथल्या इंगा डोरा सिगफुस्डोत्तिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना उपदेश करणं जवळजवळ सोडून दिलं होतं. त्यांनी मुलांच्या संध्याकाळी भरून काढल्या. खेळ, संगीत, नाच यांचे वर्ग उभे राहिले, आणि पुढे राजधानीत गरीब घरालाही ते परवडावेत म्हणून प्रत्येक मुलामागे वार्षिक रक्कम मिळू लागली. रात्री उशिरा मुलांनी बाहेर फिरायचं नाही हा नियम झाला आणि पालकांनीच गटाने फेऱ्या मारून तो पाळून घेतला. शाळाशाळांतून पाहणी होई आणि निकाल आठवड्यांच्या आत त्याच शाळेच्या, त्याच गावाच्या हाती पडे. चार लाखांच्या आसपास लोकवस्तीचा श्रीमंत देश आणि आपण, यांची बरोबरी होणार नाही हे मला कळतं. तरी नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला तेव्हा त्यांच्यापाशी आइसलँडचा पैसा नव्हता. तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं त्यांनी पाहिली आणि त्यांना चेंडू दिला.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्याचा अनुभव याहून जवळचा आणि अधिक कसोशीने तपासलेला आहे. तिथल्या सत्तरांहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली. एका गटात किशोर आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, दुसऱ्यात तोच कार्यक्रम ‘सेहर मित्र’ म्हणून नेमलेल्या स्थानिक व्यक्तीने, तिसरा गट तुलनेसाठी होता. हे सेहर मित्र डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. 2018 मध्ये निष्कर्ष आले. सेहर मित्र असलेल्या शाळांचं वातावरण बदललं होतं, मुलांमधलं नैराश्य, एकमेकांना छळणं आणि हिंसा कमी झाली होती. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसं काही दिसलं नाही. शिक्षकांना नावं ठेवण्याचं हे निमित्त होऊ नये. साठ-सत्तरच्या वर्गाला गणित शिकवून, जनगणना-निवडणुकीची कामं करून उरलेल्या तासात कुणाचं ऐकून घेणं अवघडच. शिवाय ज्याच्या हाती गुण आणि छडी आहे त्याला मूल सगळं सांगत नाही. ऐकण्यासाठीच नेमलेलं एक माणूस शाळेत असणं, याची किंमत एका पगाराएवढी आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा परिषदेने हा हिशेब करून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटी या पुस्तकाच्या रचनेविषयी. किशोरवयीन मुलाशी डॉक्टरने कसं बोलावं यासाठी प्रश्नांचा एक क्रम जॉन गोल्डनरिंग आणि एरिक कोहेन या अमेरिकी डॉक्टरांनी 1988 मध्ये मांडला, आणि तो आजही जगभर वापरला जातो. आधी घराविषयी विचारायचं. मग शाळेविषयी. मग रिकामा वेळ कसा जातो, मित्र कोण. त्यानंतर नशेविषयी, मग लैंगिकतेविषयी, आणि मग जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का याविषयी. आपल्या घरांत आणि शाळांत हा क्रम नेमका उलटा चालतो. खिशात पुडी सापडली की बोलणं पुडीपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी चालणाऱ्या ‘मैत्री’ केंद्रांतल्या समुपदेशकांना डोळ्यांपुढे ठेवून इथली प्रकरणं डॉक्टरांच्या त्याच क्रमाने लावली आहेत. आधी घर, मग शाळा, गल्ली, बाजार, स्थलांतर, आणि तंबाखू-दारूचं प्रकरण बरंच नंतर. पालक आणि शिक्षक पुस्तक उघडल्यावर आधी त्याच प्रकरणाकडे जातील, याची मला कल्पना आहे. त्यांना विनंती इतकीच, की त्यांनी घराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी.